बोलावलेली फौज : देवगडच्या इतिहासावरून एक अभ्यास

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी मुलांना व पालकांना सारखाच उपयोगी पडेल असा एखादा अभ्यासलेख द्यावा, अशी संपादक मंडळाने आज्ञा केली. विषयाची निवड मजवर सोपविली होती. अशा वेळी शिक्षकाला आपला वर्गच आठवतो. काही दिवसांपूर्वी देवगडच्या गोंड राज्याची हकीकत मी मुलांना सांगत होतो. गादीच्या भांडणात राणीने वऱ्हाडातील रघूजी भोसल्यांना मदतीस बोलाविले आणि पुढे काही वर्षांनी ते राज्यच भोसल्यांच्या हाती गेले, येथपर्यंत आलो तोच मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "सर, राणीनंच बोलावलं होतं ना त्याले? मंग रघूजीचं काय चुकलं?"

वर्ग हसला, मी मात्र थांबलो. एक राज्य दुसऱ्या राज्यात फौज का पाठविते, या विषयावर जगातील विद्वानांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. त्या सर्वांच्या मुळाशी असलेला प्रश्न या मुलाने एका वाक्यात विचारला होता. बोलावणे आल्यावर जाणारा दोषी कसा? आणि दोषी नसेल, तर बोलावणाऱ्याचे राज्य गेले ते कोणाच्या करणीने? त्या दिवशी तास संपला व उत्तर अर्धवट राहिले. ते पूर्ण करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

देवगडची तीन आमंत्रणे

छिंदवाड्याच्या नैर्ऋत्येस सुमारे २४ मैलांवर देवगडचा पडका किल्ला आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी तो सहलीच्या निमित्ताने पाहिला असेल. आज पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली मिळून २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला असला, तरी हा सारा मुलूख एके काळी देवगडच्याच राज्यात मोडत होता. या राज्याच्या इतिहासात बाहेरच्या सत्तेला तीन वेळा बोलावणे गेले. पहिली दोन बोलावणी देवगडच्या गोंड घराण्यातून गेली, तिसरे त्यांच्या जागी आलेल्या भोसल्यांच्या घरातून.

पहिले बोलावणे सतराव्या शतकाच्या अखेरीचे. देवगडच्या गादीचा वाद उत्पन्न झाला असता तेथील एक राजपुत्र औरंगजेब बादशहाच्या दरबारी गेला. तेथे त्याने इस्लामचा स्वीकार केला, बादशहाने त्याला बख्तबुलंद हा किताब दिला व देवगडचा राजा म्हणून मान्यता दिली. हाच बख्तबुलंद पुढे नागपूर शहराचा संस्थापक म्हणून प्रसिद्धीस आला. त्याने हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांतील उद्योगी शेतकऱ्यांना व कारागिरांना आपल्या राज्यात वसविले, असा उल्लेख जुन्या गॅझेटियरांत सापडतो. परंतु ज्या बादशहाच्या आधाराने तो गादीवर बसला, त्याच बादशहाच्या मुलुखावर त्याने पुढे स्वाऱ्या केल्या. बादशहा दक्षिणेतील युद्धात गुंतला होता. देवगडास येऊन बसण्याइतकी फुरसत त्याला नव्हती. म्हणून या पहिल्या बोलावण्यात राज्य गेले नाही.

दुसरे बोलावणे अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकातील. बख्तबुलंदाचा मुलगा चांद सुलतान याने नागपुरास राजधानी केली, शहराभोवती तट बांधिला व जुम्मा तलाव खोदविला. त्याच्या मृत्यूनंतर बख्तबुलंदाचा अनौरस पुत्र वलीशहा याने गादी बळकाविली. चांद सुलतानाच्या विधवा राणीने आपल्या मुलांचा, अकबरशहा व बुऱ्हाणशहा यांचा, हक्क राखण्यासाठी शेजारच्या वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलाविले. रघूजी आले, वलीशहाचा पाडाव झाला, मुलांना गादी मिळाली आणि योग्य तो मोबदला घेऊन रघूजी परत गेले. ही परत जाण्याची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आपल्या विषयाची किल्ली तिच्यात आहे.

पुढे दोघा भावांत बेबनाव झाला. अकबरशहाने हैदराबादच्या निजामाकडे दृष्टी लाविली. बुऱ्हाणशहाने पुन्हा रघूजींना हाक मारिली. १७४३ मध्ये रघूजी दुसऱ्यांदा आले. अकबरशहाला देश सोडून जावे लागले. परंतु या खेपेस हाती आलेला मुलूख परत देण्याचे रघूजींच्या मनात आले नाही. बुऱ्हाणशहाचा मानमरातब, किताब व नेमणूक कायम राहिली. कारभार मात्र सारा भोसल्यांचा झाला. गोंड राजाला अशा रीतीने नावापुरते ठेवण्यात रघूजींचा आणखीही एक हेतू होता, असे इंग्रजी अमदानीतील लेखकांनी नमूद केले आहे. पेशव्याने उद्या अधिकार सांगितला, तर आपली सत्ता गोंड राजाकडून आली आहे, असे म्हणावयास त्यांना जागा राहिली.

तिसरे बोलावणे भोसल्यांच्या घरातून गेले. दुसऱ्या रघूजींनी १८०३ च्या युद्धात असई व अडगाव येथे इंग्रजांशी लढून पराभव पत्करला, देवगावच्या तहाने कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड गमाविले. तरीही इंग्रजांची तैनाती फौज आपल्या राज्यात ठेवून घेण्यास ते अखेरपर्यंत कबूल झाले नाहीत. मार्च १८१६ मध्ये ते वारले. त्यांचा मुलगा परसोजी राज्य चालविण्यास असमर्थ होता. दरबारात दोन तट पडले. परसोजीचे चुलतभाऊ आप्पासाहेब यांना आपला कारभार निर्वेध व्हावयास कोणाचा तरी पाठिंबा हवा होता. जे रघूजींनी आयुष्यभर नाकारिले, ते आप्पासाहेबांनी दोन महिन्यांत, मे १८१६ मध्ये, रात्रीच्या वेळी गुप्तपणे सही करून दिले. तैनाती फौज आली.

पुढचे वर्तमान सर्वांस ठाऊक आहे. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी बिछान्यात मृत आढळले व आप्पासाहेब राजे झाले. थोड्याच काळात त्यांना ही फौज जाचू लागली. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई होऊन आप्पासाहेबांच्या सैन्याचा मोड झाला. १८१८ मध्ये ते पदच्युत झाले, कैदेतून निसटून महादेव डोंगरात गोंडांच्या आश्रयास राहिले आणि शेवटी १८४० मध्ये दूर जोधपुरास वारले. गादीवर बसविलेले तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये पुत्र नसता मरण पावताच डलहौसीने १८५४ साली राज्य खालसा केले. राजवाड्यातील जडजवाहीर लिलावास निघाले. एका रात्रीच्या सहीची ही किंमत होय.

विद्वान काय म्हणतात?

आता या हकीकतीकडे शास्त्राच्या दृष्टीने पाहू. राज्याराज्यांच्या संबंधांचा अभ्यास करणाऱ्या पंडितांत मुख्यतः चार मते आहेत.

पहिले मत वास्तववादी म्हणविणाऱ्यांचे. त्यांच्या मते जगात सर्व राज्यांच्या वर बसलेला न्यायाधीश कोणी नाही. म्हणून प्रत्येक राज्य आपल्या सुरक्षिततेची काळजी स्वतः वाहते आणि शेजारी दुबळेपणा दिसला की तेथे दुसरा कोणी येण्यापूर्वी आपण जावे असा विचार करिते. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज याने आपल्या ग्रंथात अथेन्स या बलाढ्य नगराने मेलोस या लहानशा बेटाला कसे वागविले याची हकीकत दिली आहे; ती या मताचा आरंभ समजतात. आपल्याकडे कौटिल्याने अर्थशास्त्रात मंडलाची कल्पना मांडिली. सरहद्दीला लागून असलेला राजा स्वभावतः शत्रू आणि त्याच्या पलीकडचा स्वभावतः मित्र, हे तिचे सार. विसाव्या शतकात हान्स मॉर्गेन्थाऊ व केनेथ वॉल्ट्झ यांनी याच विचाराची शास्त्रीय मांडणी केली.

देवगडाला हे मत चांगले लागू पडते. रघूजी १७४३ मध्ये आले नसते तर कोण आले असते? अकबरशहाच्या पाठीशी निजाम होता आणि निजाम वऱ्हाडावरही आपला हक्क सांगत होता. नागपुरास निजामाचा आश्रित बसणे म्हणजे रघूजींच्या दाराशी शत्रू येऊन बसणे होते. एक भाऊ एका सत्तेकडे जातो म्हणून दुसरा भाऊ दुसरीकडे जातो आणि दोन मोठ्या सत्तांचे वैर एका लहान घरात शिरते, हा प्रकार पुढेही जगात अनेक वेळा झालेला आहे. १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, तेव्हा काबूलच्या राज्यकर्त्या पक्षातील अंतर्गत भांडण आणि बाहेरच्या दोन महासत्तांचे वैर या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या.

दुसरे मत अर्थकारणावर भर देते. इंग्रज लेखक हॉब्सन याने १९०२ मध्ये व त्यानंतर लेनिनने असे प्रतिपादन केले की, भांडवल, कच्चा माल आणि बाजारपेठ यांच्या शोधात बलिष्ठ राष्ट्रे दुबळ्या देशांत शिरतात. ध्वज व्यापाराच्या मागून येतो. आपण कापूस पिकविणाऱ्या मुलुखातील लोक आहोत. आपल्याला हे पटविण्यास फार शब्द नकोत. नागपूरचे राज्य खालसा करण्याच्या समर्थनार्थ डलहौसीने जे लिहिले, त्यात विलायतेच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा विचार होता. १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोचली, तीही केवळ प्रवाशांच्या सोयीकरिता नव्हे. तथापि हे मत एकटे पुरत नाही. १८१६ च्या मे महिन्यात इंग्रजांना कापसाहून अधिक काळजी पेंढाऱ्यांची व मराठ्यांची एकजूट होण्याची होती.

तिसरे मत उदारमतवाद्यांचे. राज्यांना केवळ बळ व पैसा कळतो असे नाही. न्याय, लोकांचे हक्क आणि माणुसकी यांचाही त्यांच्या वागण्यावर परिणाम होतो, असे ते मानतात. मात्र या पंथाचे आद्य पुरुषही परकीय फौजेविषयी सावध होते. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९५ मधील शाश्वत शांततेवरील निबंधात, कोणत्याही राज्याने दुसऱ्याच्या राज्यव्यवस्थेत बळाने हात घालू नये, असा नियम घातला आहे. इंग्लंडच्या जॉन स्टुअर्ट मिल्ल याने १८५९ मध्ये या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. जे स्वातंत्र्य लोकांनी स्वतः मिळविले नाही, ते परक्याच्या हातून मिळाले तरी टिकणे कठीण, असा त्याचा विचार होता. दुःखाची गोष्ट ही की, हाच मिल्ल ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर होता आणि हा नियम हिंदुस्थानासारख्या देशांना लागू नाही, असे तो समजत होता.

मदतीस धावणे ही माणसाची मूळ प्रवृत्ती आहे, हे आपल्याला दूर जाऊन शिकावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जी गोटमार होते, तिची दंतकथा काय सांगते? पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडीत होता. सावरगावकरांनी दगड मारिले, तेव्हा आपल्या माणसाला वाचविण्यासाठी पांढुर्णेकर धावले. कथा खरी असो वा नसो, "आपला माणूस संकटात आहे" या एका वाक्याने दोन्ही तीरांवरचे हात दगडाकडे जातात, आणि मूळ जोडपे कोण होते हे विसरल्यावरही जखमी होणारे होतच राहतात. राज्येही हेच वाक्य बोलतात. १९८३ मध्ये अमेरिकेने ग्रेनाडा या लहान बेटावर फौज उतरविली, तेव्हा तेथील अमेरिकन विद्यार्थ्यांच्या संरक्षणाचे कारण दिले होते. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर स्वारी केली, तेव्हा रशियन भाषा बोलणाऱ्यांचे रक्षण हे एक कारण सांगितले. आपण पांढुर्णा-सौंसरचे मराठी भाषक १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर नागपूरपासून वेगळे होऊन मध्य प्रदेशात राहिलो. आपल्या सोयरिकी, बाजारहाट व पोथ्यापुस्तके सीमेपलीकडे आहेत. म्हणून कोणी फौज मागितली नाही. एका देशाच्या आत कायद्याचे छत्र असले म्हणजे भाषेची सीमा व राज्याची सीमा निराळी असूनही लोक सुखाने नांदू शकतात, हे आपल्या अनुभवाचे सांगणे आहे.

चौथे मत अलीकडचे. त्याला रचनावाद म्हणतात. या मताप्रमाणे राज्यांचे हित हे दगडावर कोरलेले नसते. त्या त्या काळी लोक काय योग्य समजतात, त्यावर ते घडत जाते. अमेरिकेतील विदुषी मार्था फिनेमोर यांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याचे एक चांगले उदाहरण दिले आहे. एके काळी कर्ज बुडविणाऱ्या देशावर आरमार पाठविणे हे सभ्यपणाचे समजत. १९०२ मध्ये ब्रिटन, जर्मनी व इटली यांनी व्हेनेझुएलाची बंदरे याच कारणाने अडविली. अर्जेंटिनाचे परराष्ट्रमंत्री ड्रागो यांनी त्यास हरकत घेतली, १९०७ च्या हेग परिषदेत या प्रथेला मर्यादा पडली, आणि आज कर्जवसुलीसाठी कोणी युद्धनौका पाठविल्याचे ऐकिवात नाही. कर्जे मात्र पूर्वीपेक्षा वाढलीच आहेत. म्हणजे बदलली ती योग्यायोग्यतेची समजूत. चौथाई वसूल करणे रघूजींना हक्काचे वाटत होते. दत्तक नामंजूर करून राज्य घेणे डलहौसीला कायदेशीर वाटत होते. आज दोन्ही गोष्टी जगात कोणी उघडपणे करू धजणार नाही.

धर्माचा प्रश्न

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे मला अवश्य वाटते. जुन्या लढायांची हकीकत ऐकताना पुष्कळांना असे वाटते की, हे सारे एका धर्माचे दुसऱ्या धर्माशी युद्ध होते. मुले मला तसे विचारतातही. देवगडची हकीकत या चौकटीत बसते काय, ते पाहावे. मुसलमान झालेल्या गोंड घराण्यातील राणी आपल्याच घराण्यातील मुसलमानाविरुद्ध मराठा सरदाराला बोलाविते. तिचा एक मुलगा निजामाकडे जातो, दुसरा भोसल्यांकडे. बादशहाने किताब दिलेला बख्तबुलंद बादशहाच्याच मुलुखावर तुटून पडतो. सीताबर्डीनंतर डिसेंबर १८१७ च्या अखेरीपर्यंत भोसल्यांचे नागपूर लढवितात ते अरब शिपाई. आणि पदच्युत भोसले राजाला आश्रय देतात ते डोंगरातील गोंड. धर्म माणसाच्या अंतःकरणात असतो, परंतु फौजांच्या वाटा पाहिल्या तर त्या गादी, भीती, महसूल आणि शेजार यांच्याच दिशेने गेलेल्या दिसतात. हे मुलांना नीट समजले, तर इतिहासाच्या तासातून ती भांडण घरी नेणार नाहीत.

आजचा कायदा आणि आजचा अनुभव

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची सनद झाली. तिच्या दुसऱ्या कलमाने कोणत्याही राष्ट्राच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध बळाचा वापर वर्ज्य ठरविला. दोन अपवाद ठेविले : एकावन्नाव्या कलमाप्रमाणे स्वसंरक्षण, आणि सुरक्षा समितीची परवानगी. शिवाय एखाद्या देशाच्या सरकारने स्वतः बोलाविल्यास जाता येते, असे मानले जाते. परंतु सरकारविरुद्ध भांडणाऱ्या पक्षाच्या बोलावण्यावरून जाणे क्षम्य नाही, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ मध्ये निकाराग्वाच्या खटल्यात स्पष्ट केले. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. बोलावणे पुरेसे नाही. बोलावण्याचा अधिकार कोणाला, हे प्रथम पाहिले पाहिजे. देवगडात खरे सरकार राणी की वलीशहा, हे ठरविणारा त्या काळी कोणी नव्हता. म्हणून तलवारीने ते ठरविले.

उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी आपल्याच देशाचा अनुभव पाहू. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या साहाय्यासाठी त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. ते आपल्यातील वृद्ध मंडळींना आठवत असेल. डिसेंबरात युद्ध झाले, १६ तारखेला ढाक्यास पाकिस्तानी सैन्याने शरणागती दिली. या कृतीत माणुसकी होती, निर्वासितांचा बोजा होता, आणि पाकिस्तान दुबळे होण्यात भारताचा लाभही होता. कारणे अशी मिश्र असतातच. शुद्ध एका कारणासाठी फौज हलत नाही. परंतु मार्च १९७२ मध्ये भारतीय फौज बांगलादेशातून परत आली. शेख मुजीबूर रहमान यांच्या सरकारला आपले घर आपण सांभाळावयास मिळाले.

१९८८ च्या ३ नोव्हेंबरला मालदीवचे अध्यक्ष गयूम यांनी बंडाविरुद्ध मदत मागितली. त्याच रात्री आग्र्याहून भारतीय छत्रीधारी सैनिक विमानाने तेथे उतरले, बंड मोडले, आणि मुख्य तुकड्या थोड्याच दिवसांत परतल्या. श्रीलंकेत मात्र १९८७ च्या करारानंतर गेलेली शांतिसेना तमिळ वाघांशीच लढण्यात गुंतली. अकराशेहून अधिक जवान कामी आले. श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदास यांनी १९८९ मध्ये सैन्य परत न्या म्हणून सांगितले आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परत आली. जाणे कठीण झाले होते, तरी "आता निघा" म्हणणारा तेथे होता, आणि ते ऐकले गेले, एवढे समाधान मानावयास हवे.

आता दुसऱ्या बाजूची उदाहरणे. २००३ मध्ये अमेरिकेने भयंकर अस्त्रांचे कारण सांगून इराकवर स्वारी केली. ती अस्त्रे सापडली नाहीत, आणि मोडलेले राज्य जोडता जोडता अपार रक्त सांडले. अफगाणिस्तानात २००१ मध्ये गेलेली अमेरिकन फौज २०२१ मध्ये परतली, तेव्हा ज्यांना घालविण्यासाठी ती गेली होती तेच पुन्हा गादीवर बसले. परंतु याच्या उलट १९९४ मध्ये आफ्रिकेतील रवांडात सुमारे शंभर दिवसांत लाखो लोकांची कत्तल झाली आणि जगातून कोणीही वेळेवर धावून गेले नाही, हेही विसरून चालणार नाही. जाणे नेहमी पाप नसते. न जाणे नेहमी पुण्य नसते. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सभेने, आपल्या लोकांचे अशा संहारापासून रक्षण करणे ही प्रत्येक राज्याची जबाबदारी आहे व राज्य त्यात उघड अपयशी ठरल्यास सुरक्षा समितीमार्फत जगाने पुढे यावे, असे मान्य केले, ते रवांडाच्याच लाजेतून.

तीन प्रश्न

या सर्व विवेचनातून माझ्या अल्पबुद्धीस जे दिसते ते असे. फौज का आली, याची कारणे शोधण्यास चारही मते उपयोगी आहेत. कोणतेही एक पुरेसे नाही. परंतु राज्य जाते ते फौज आल्याने नव्हे, ती न गेल्याने. रघूजी पहिल्या वेळीही आले आणि दुसऱ्या वेळीही आले. रघूजी तेच, फौज तीच, बोलावणेही त्याच घरातले. फरक एवढाच की, पहिल्या वेळी घरात राणी होती, दोन्ही मुले एका बाजूस होती आणि रघूजींना निरोप देण्याइतके ते घर एक होते. शिवाय रघूजींचे लक्ष त्या काळी कर्नाटकच्या मोठ्या मोहिमेकडे होते. दुसऱ्या वेळी भाऊच भावाविरुद्ध होता. निरोप देणारे घर उरलेच नव्हते. आप्पासाहेबांच्या वेळी तर फौजेचा खर्च राज्याच्या तिजोरीतून आणि तिचा हुकूम रेसिडेंटाच्या कचेरीतून, अशी व्यवस्थाच तहाने झाली होती. निरोप देण्याचा अधिकार त्यांनी सहीबरोबर देऊन टाकिला होता.

म्हणून बाहेरची फौज कोठेही गेल्याचे वर्तमानपत्रात वाचाल, तेव्हा मुलांनो, तीन प्रश्न विचारा. बोलाविले कोणी, आणि त्याला तो अधिकार होता काय? खर्च कोण देतो, आणि तो कोणत्या रूपाने परत घेतो? आणि सर्वांत महत्त्वाचे, "आता निघा" असे सांगण्याची ताकद त्या घरात शिल्लक आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले, तर पहिल्या दोहोंची उत्तरे कितीही गोड असोत, देवगड आठवावा.

मागच्या बाकावरील माझ्या त्या विद्यार्थ्याला मी आता उत्तर देईन ते असे : बाळ, रघूजींचे येण्यात चुकले नाही, जाण्याचा दिवस त्यांनी चुकविला. आणि राणीचे बोलावण्यात चुकले नाही. तिच्या मुलांनी तो दिवस मागण्याची आपली एकी घालविली.

आमच्या घरी लहानपणापासून अमानत हा शब्द कानावर पडत आला. दुसऱ्याने विश्वासाने हाती दिलेली वस्तू जशीच्या तशी परत करणे, हा तिचा अर्थ. मराठीत आपण तिला ठेव म्हणतो, आणि ट्रस्ट या शब्दाचाही मूळ अर्थ तोच. दुबळ्याने संकटात बलवंताच्या हाती दिलेली सत्ता ही अमानतच होय. ती परत करणारे बलवंत इतिहासात थोडे झाले. परंतु ठेव परत मागणारेही एकमुखाने मागते तर त्यांची संख्या कदाचित वाढली असती. राज्याचे जे, तेच गावाचे, संस्थेचे व घराचेही. आपल्या ट्रस्टने इतकी वर्षे आपसांतील मतभेद आपल्याच बैठकीत मिटविले, बाहेरच्या कोणाला त्यात ओढिले नाही, ही गोष्ट हिशोबाच्या वहीत दिसत नसली तरी तिचे मोल जमाखर्चाहून मोठे आहे. पुढची पिढीही ती ठेव सांभाळील, अशी आशा व्यक्त करून हा लेख पुरा करितो.